साचा सर्वांचा : फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची वाटचाल

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना २० जुलै २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे झाली. २०२६ हे तिचे रौप्यमहोत्सवी वर्ष. तिची थोरली बहीण म्हणजे अमेरिकेतील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन. ती ४ ऑक्टोबर १९८५ रोजी स्थापन झाली आणि नुकतीच चाळिशी ओलांडून पुढे गेली. धाकटीचा इतिहास थोरलीला वगळून सांगता येत नाही, म्हणून या लेखात दोघींच्या वाटचालीचा आढावा एकत्र घेतला आहे. लेखक पेणचा असल्यामुळे सुरुवात मात्र बॉस्टनहून किंवा तिरुवनंतपुरमहून न करता पेणच्या कासार आळीतून केली आहे. वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

साचा आणि परवानगी

कासार आळीतल्या गणपतीच्या कारखान्यात नवी मूर्ती घडते ती आधी शाडूत. जाणता कारागीर मूळ मूर्ती घडवतो. तिच्यावरून रबराचा साचा उतरवतात आणि साचा फाकू नये म्हणून त्याला बाहेरून प्लास्टरचे कवच देतात. मग त्या साच्यातून मूर्ती निघत राहतात. काही कच्च्याच मुंबई-पुण्याला जातात, काहींचे रंगकाम इथेच होते आणि शेवटी डोळ्यांची आखणी. साचा हाती असलेला कारागीर मुकुट काढून फेटा बसवतो, हाताची ठेवण बदलतो, सिंहासनाच्या जागी पाट देतो. रंगवलेली मूर्ती घरी नेणाऱ्याला यातले काही करता येत नाही. तो पूजा करील, फार तर उडालेला रंग लावील. दुसरी मूर्ती त्याच्या हातून घडणार नाही.

दुकानातून आणलेले सॉफ्टवेअर ही अशी रंगवलेली मूर्ती असते. ते चालते, पण आत काय आहे ते दिसत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या मूळ ओळी, म्हणजे सोर्स कोड, हा त्याचा साचा. बदल करायचा तर साचा हवा, आणि साच्याबरोबर आणखी एक गोष्ट हवी : तो वापरण्याची परवानगी. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रॅमला प्रताधिकार कायद्यात साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. कादंबरी लिहिताक्षणी तिचा हक्क लेखकाकडे जातो, तसाच प्रोग्रॅमचाही जातो. नोंदणी लागत नाही. हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. लेखकाने तोंडातून ब्रही काढला नाही, तर त्याचा अर्थ 'परवानगी नाही' असाच होतो.

ही परवानगी कोणत्या शब्दांत द्यावी, म्हणजे ती पुन्हा कोणाला काढून घेता येणार नाही? या एका प्रश्नासाठी थोरल्या संस्थेने चाळीस वर्षे वेचली.

स्थापनेची पार्श्वभूमी : १९८० ते १९८५

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हे १९७१ पासून प्रोग्रॅम लिहीत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या सर्वांच्या पडद्यावर तशी सूचना झळकावी, अशी सोय त्यांनी त्याच्या प्रोग्रॅममध्ये करून ठेवली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा सोर्स कोड कंपनीने दिला नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे तो असल्याचे कळल्यावर स्टॉलमन त्याला जाऊन भेटले. कोणालाही न देण्याच्या करारावर आपण सही केली आहे, असे सांगून त्याने नकार दिला. कागद अडकतच राहिला.

प्रिंटरची तक्रार एका प्रयोगशाळेची होती, पण त्या सुमारास सगळीकडे हेच होऊ लागले होते. पूर्वी विद्यापीठांतले लोक प्रोग्रॅम एकमेकांना शेजारी विरजण मागावे तसे देत. आता प्रत्येक प्रोग्रॅमपाठोपाठ करार येऊ लागला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जे जे सॉफ्टवेअर लागते, ते सर्व नव्याने लिहायचे आणि सर्वांना मोकळे करायचे, असा तो संकल्प होता. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. नोकरीत राहून लिहिलेल्या कामावर विद्यापीठाने हक्क सांगितला असता, आणि मग मोकळे करायला हाती काही उरले नसते. मार्च १९८५ मध्ये ग्नूचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संस्था रीतसर उभी राहिली.

पहिले दशक : १९८५ ते १९९५

सुरुवातीची वर्षे ओढाताणीची होती. ईमॅक्स हा मजकूर व प्रोग्रॅम लिहिण्याचा संपादक तयार होता. तो चुंबकीय फितीवर उतरवून १५० डॉलरला टपालाने पाठवला जाई. तोच प्रोग्रॅम मित्राकडून फुकट उतरवून घ्यायलाही मोकळीक होती, तरी लोक पैसे देऊन फीत मागवत. या विक्रीतून आणि देणग्यांतून संस्थेचा गाडा चालू लागला. १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर आला. साध्या शब्दांत सांगायचे तर तो साच्यातून मूर्ती काढून देणारा प्रोग्रॅम. संस्थेचे पहिले पगारी कार्यकर्ते ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये बॅश लिहिला. आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घेणारा हा प्रोग्रॅम आजही जगभर रोज वापरला जातो. अनेक देशांतील प्रोग्रॅमरांनी आपापल्या कामाचे हक्क कागदावर सही करून संस्थेच्या नावे केले. सर्वांची नावे येथे देणे शक्य नाही. या इमारतीतली प्रत्येक वीट त्यांच्या हातची आहे.

फेब्रुवारी १९८९ मध्ये ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, प्रसिद्ध झाली. संस्थेच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे काम. तोपर्यंत ईमॅक्सचा परवाना वेगळा आणि जीसीसीचा वेगळा होता. आता कोणत्याही प्रोग्रॅमला लावता येईल असा एकच मजकूर तयार झाला. त्यामागे चार स्वातंत्र्ये आहेत. प्रोग्रॅमरांच्या सवयीप्रमाणे त्यांची मोजणी शून्यापासून होते. शून्य : प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवावा. एक : तो कसा चालतो ते पाहावे आणि हवा तसा बदलावा. दोन : त्याच्या प्रती वाटाव्यात. तीन : आपण बदललेली आवृत्तीही वाटावी. यांतल्या 'एक' आणि 'तीन' या क्रमांकांच्या स्वातंत्र्यांसाठी सोर्स कोड हाती असावा लागतो.

एवढ्यावर भागले नसते. कोणी मोकळा प्रोग्रॅम घेतला, दोन सुधारणा केल्या आणि आपली आवृत्ती कुलूपबंद करून विकली, तर? जीपीएल यावर एक अट घालते : वाटायचे असेल तर याच अटींवर वाटा, आणि सोबत सोर्स कोड द्या. लेखक आपला प्रताधिकार सोडत नाही. त्याच हक्काच्या बळावर तो पुढच्याला कुंपण घालण्यापासून अडवतो. या युक्तीला कॉपीराइटच्या धर्तीवर 'कॉपीलेफ्ट' म्हणतात. डॉन हॉपकिन्स या प्रोग्रॅमर मित्राने स्टॉलमन यांना धाडलेल्या एका पाकिटावरच्या कोटीतून हे नाव आले.

पेण तालुक्यातल्या माणसाला ही युक्ती परकी वाटू नये. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांनी पुढे ग्रामदानाचा मार्ग दाखवला. महाराष्ट्रात १९६४ मध्ये त्याचा कायदा झाला. ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते. कसणारा कसत राहतो, त्याच्या मागे वारसही कसतात, पण ती जमीन गावाबाहेरच्याला विकता येत नाही. मालकीचा कायदा मोडला जात नाही, जमीन हातची जाऊ नये म्हणून तोच कामी येतो. जीपीएलने सॉफ्टवेअरच्या बाबतीत हेच केले.

जून १९९१ मध्ये जीपीएलची दुसरी आवृत्ती आली. त्याच वर्षी हेलसिंकीतील २१ वर्षांचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा कर्नेल जगापुढे ठेवला. कर्नेल म्हणजे संगणकाच्या यंत्रभागांवर ताबा ठेवणारा गाभा. ग्नूचे बाकी सगळे भाग तयार होते, नेमका हाच राहिला होता. टोरवाल्ड्स यांच्या पहिल्या परवान्यात प्रतीसाठी पैसे घ्यायला मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी तो बाजूला ठेवून जीपीएल स्वीकारली. त्यामुळे लिनक्सच्या डिस्क भरून विकणे, त्यावर कंपनी काढणे, दुरुस्तीचे पैसे घेणे, सगळे मोकळे झाले. नोव्हेंबर १९९४ पासून वर्षभर संस्थेने नव्याने उभ्या राहत असलेल्या डेबियन प्रकल्पालाही आर्थिक हात दिला.

दुसरे दशक : १९९५ ते २००५

या दशकात मुक्त सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतून बाजारपेठेत आले. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हे नाव पुढे आले. नावाबद्दल आणि भर कशावर द्यावा याबद्दल विचारांचे आदानप्रदान झाले. दोन्ही नावांनी काम करणारे कार्यकर्ते बहुतांशी त्याच परवान्यांखाली आणि पुष्कळदा एकाच प्रोग्रॅमवर काम करत राहिले. मार्च २००० मध्ये पुस्तकांसाठी आणि माहितीपुस्तिकांसाठी संस्थेने वेगळा परवाना काढला. त्याचा मराठी वाचकांना झालेला उपयोग पुढे येईलच.

२० जुलै २००१ रोजी तिरुवनंतपुरमला परिषद भरली आणि स्टॉलमन यांच्या हस्ते भारतातील संस्थेचे उद्घाटन झाले. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे फुकट की स्वतंत्र, हा घोळ जगभर निस्तरावा लागतो. आपल्या भाषांत 'मुक्त' आणि 'फुकट' हे शब्दच वेगळे आहेत, त्यामुळे निम्मे भाषण वाचते. भारतीय संस्थेच्या कामात मुंबईचा वाटा मोठा होता. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील डॉ. नागार्जुन जी. यांनी संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले. त्यांच्या प्रयोगशाळेतील ज्ञानाची मांडणी करणारे 'नॉसिस' हे सॉफ्टवेअर ग्नू प्रकल्पात दाखल झाले. केरळच्या 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्पाने शाळांतील संगणक शिक्षण ग्नू/लिनक्सवर नेले. २८ मे २००३ रोजी पुण्याच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीमध्ये बोलताना राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी भारतासारख्या देशाने ओपन सोर्सची कास धरावी, असे आग्रहाने सांगितले. पुण्यातील लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आणि सिंबायोसिसमध्ये भरणारा 'ग्नूनिफाय' मेळावा यांतून विद्यार्थ्यांची नवी फळी तयार झाली.

परवाना कागदावर असणे वेगळे आणि पाळला जाणे वेगळे. पेणच्या खारेपाटात समुद्राचे पाणी अडवणारे बांध पूर्वी शेतकरी 'जोळ' पद्धतीने, म्हणजे सर्वांनी मिळून, राखत. शेत ज्याचे त्याचे, बांध सर्वांचा. एका जागी खांड पडली की उधाणाचे खारे पाणी सगळ्यांच्या भातात. मुक्त सॉफ्टवेअरच्या बांधाला पहिली मोठी खांड २००३ मध्ये दिसली. लिंकसिस कंपनीच्या घरगुती वायफाय राउटरमध्ये लिनक्स बसवलेले आहे, पण सोर्स कोड दिलेला नाही, असे काही जाणकारांच्या लक्षात आले. थोरल्या संस्थेने आणि इतर लेखकांनी पाठपुरावा केला आणि कंपनीने सोर्स कोड खुला केला. त्याच्या आधारावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. कंपनीने कधी विचारही केला नसेल अशी कामे लोकांनी त्या डबीकडून करून घेतली. त्याच वर्षी म्युनिकच्या न्यायालयाने एका खटल्यात जीपीएलच्या अटी कायद्याने बंधनकारक मानल्या.

भारतातही एक बांध राखावा लागला. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने पेटंट कायद्यात सॉफ्टवेअरला वाट करून दिली होती. मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी व इतर अनेक संघटनांनी हा विषय लावून धरला. २००५ मध्ये संसदेने दुरुस्ती कायदा केला तेव्हा ती तरतूद गळली आणि केवळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट न देणारे कलम ३(के) पूर्ववत राहिले.

तिसरे दशक : २००५ ते २०१५

जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचे काम या दशकातले. पहिला मसुदा जानेवारी २००६ मध्ये चर्चेला ठेवला. प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी कायद्याची बाजू सांभाळली. या चर्चेची चौथी आंतरराष्ट्रीय परिषद ऑगस्ट २००६ मध्ये बंगळूरला भरली. एखाद्या जागतिक परवान्याचा मजकूर आपल्या देशात बसून शब्दन्‌शब्द तपासला जात होता, ही भारतीय संस्थेच्या दृष्टीने मानाची गोष्ट. सोर्स कोड द्यायचा, पण बदललेला प्रोग्रॅम यंत्राने स्वीकारूच नये अशी कुलपाची व्यवस्था करायची, ही नवी पळवाट या आवृत्तीने बंद केली. साचा दिला, पण त्यातून काढलेली मूर्ती मखरात बसू द्यायची नाही, असाच तो प्रकार होता. चार मसुदे आणि दीड वर्षाच्या चर्चेनंतर २९ जून २००७ रोजी आवृत्ती प्रसिद्ध झाली. कायमचे कुलूप कोणत्या यंत्रांपुरते निषिद्ध मानावे यावर वेगवेगळी मते मांडली गेली. काही प्रकल्पांनी दुसरी आवृत्तीच ठेवली. लिनक्सचा कर्नेल आजही तिच्याखालीच आहे.

याच वर्षी, २००७ मध्ये, आमच्या रायगड जिल्ह्यात एक प्रयोग झाला. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाची भारतातली पहिली शाळा कर्जत तालुक्यातल्या खैरात या वाडीतली. एकशिक्षकी प्राथमिक शाळा, वीसेक मुले. मुंबईच्या होमी भाभा केंद्रातील अभ्यासकांची त्यांना साथ होती. मुलांच्या हाती आले ते पांढऱ्या-हिरव्या रंगाचे छोटे लॅपटॉप. वर सशाच्या कानांसारखे दोन अँटेना, उन्हातही दिसणारा पडदा आणि शेजारच्या लॅपटॉपशी तारेविना बोलण्याची सोय. आत लिनक्स आणि 'शुगर' नावाचे मुलांसाठी घडवलेले मुक्त सॉफ्टवेअर. कळफलकावर एक कळ अशी होती, की ती दाबली असता समोर चालू असलेल्या गोष्टीचा सोर्स कोड उघडावा. सहा-सात वर्षांच्या मुलाने ती कळ दाबून काय समजून घेतले असेल, हा प्रश्न रास्त आहे. पण मुलांना दिलेल्या यंत्रावर अशी कळ मुद्दाम ठेवली होती. पाहायला मनाई नाही, एवढे ती कळ मुलांना सांगत होती.

गावाचे नावही बोलके. 'खैरात' म्हणजे फुकट वाटप. मुक्त सॉफ्टवेअरबद्दल सर्वांत मोठा गैरसमज हाच, की ही खैरात आहे. खैरात देणारा आज देतो, उद्या हात आखडतो, आणि घेणाऱ्याला विचारता येत नाही. जीपीएलखाली एकदा प्रत हाती आली की तिचे हक्क लेखकालाही परत घेता येत नाहीत. घेणारा अटी पाळतो तोवर त्याचा परवाना टिकतो. संस्थेने आयुष्यभर सांगितले ते या एका वाडीच्या नावाशी ताडून पाहिले की पटकन उमजते.

मराठीच्या दृष्टीनेही हे दशक भरभराटीचे ठरले. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये जीपीएलखाली 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे टंक दिले होते. ग्नोम, केडीई, फायरफॉक्स अशा प्रोग्रॅमांच्या मेनूंतले शब्द मराठीत आणण्याचे काम पुण्या-मुंबईच्या कार्यकर्त्यांनी नोकरी-व्यवसाय सांभाळून, रात्री जागून केले. 'फाइल'ला धारिका म्हणायचे की फाइलच ठेवायचे, यावर झालेल्या खलबतांचा वेगळा इतिहास होईल. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा मजकूर सुरुवातीला थोरल्या संस्थेच्या पुस्तक-परवान्याखाली होता. नोव्हेंबर २००८ मध्ये संस्थेने त्या परवान्यात बदल करून वाट मोकळी केली आणि २००९ मध्ये विकिपीडिया क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'समान अटींवर वाटा' या परवान्याकडे आला. आज शाळकरी मुलगा विकिपीडियावरून रोह्याची माहिती आपल्या हस्तलिखितात उतरवतो, तेव्हा लेखकांचा नामनिर्देश केला आणि तेच हक्क पुढच्याला दिले, की त्याची चोरी होत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिचित्रफितींवर आणले.

कायद्यातही एक छोटा, पण सोयीचा बदल झाला. परवाना लेखी आणि सही केलेला असावा, असे प्रताधिकार कायद्याचे कलम ३० सांगत होते. २०१२ च्या दुरुस्तीने लेखी असण्याची अट राहिली आणि सहीची गेली. संगणकाच्या फाइलसोबत येणाऱ्या परवान्याला हे पथ्यावर पडले.

चौथे दशक : २०१५ ते २०२५

मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने सरकारी कामकाजात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. २०१० मध्ये सुरू झालेली फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट ऑफ इंडिया आणि राज्याराज्यांतील गट यांच्यामुळे कामाचे अनेक हात झाले. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने 'मुक्ता' आणि 'बलू' यांसारखे देवनागरी टंक खुल्या परवान्याखाली दिले. पेणच्या एखाद्या छापखान्यात आज लग्नपत्रिका जुळवताना यांतला टंक वापरायला कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. तो बदलून पुढे वाटायचा असेल तर तोच परवाना ठेवावा लागतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात या काळात संस्थेचे काम नकळत येऊन बसले. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्स आहे आणि लिनक्सचा परवाना जीपीएल. फोनच्या सेटिंगमध्ये कायदेशीर माहितीचा भाग उघडला तर परवान्यांची न संपणारी यादी दिसते. कोणी ती वाचत नाही. एकदा उघडून पाहावी. हजारो अनोळखी माणसांनी आपल्याला दिलेली परवानगी तिथे लिहिलेली असते.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे थोरल्या संस्थेची 'लिबरप्लॅनेट' ही वार्षिक परिषद प्रत्यक्ष भरवणे अशक्य झाले. कार्यकर्त्यांनी हाताशी असलेल्या थोड्या दिवसांत ती पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअर वापरून ऑनलाइन पार पाडली. २०१९ नंतरच्या काळात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांमध्ये काही बदल झाले. कार्य अखंड चालू राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीला भरली. चळवळीत भारताचे स्थान आता किती पक्के आहे, याची ती पावती होती. ऑगस्ट २०२४ मध्ये थोरल्या संस्थेने बॉस्टनचे कार्यालय बंद केले, आणि कर्मचारी घरूनच काम करू लागले. भाड्याचे पैसे कामाला लागले.

सद्यःस्थिती

आज थोरली संस्था परवान्यांचे मजकूर सांभाळते, त्यांवरच्या शंकांना उत्तरे देते, ग्नू प्रकल्पाला यंत्रणा पुरवते आणि परवाना मोडणाऱ्यांना आधी समजावून व मगच नोटिशीने वाटेवर आणते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेने नवे प्रश्न उभे केले आहेत. सर्वांच्या सोर्स कोडवर शिकलेल्या यंत्राने लिहिलेल्या ओळींना कोणता परवाना लागू? २०२१ मध्ये संस्थेने यावर जाणकारांकडून निबंध मागवले. चर्चा चालू आहे.

संस्थेचा कार्यकर्ता कॉलेजात बोलायला गेला की मुले नेहमी विचारतात, आम्ही नेमके काय करायचे? उत्तर सोपे आहे. तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर तुमचे नाव आणि साल घाला. हा प्रोग्रॅम जीपीएलच्या अमुक आवृत्तीखाली आहे, हे लिहा. प्रोग्रॅमची कसलीही हमी नाही, हेही सांगा. परवान्याचा पूर्ण मजकूर 'COPYING' या नावाच्या फाइलमध्ये सोबत ठेवा. पाच-सहा ओळींचे काम. ते राहिले, तर तुमचा प्रोग्रॅम कितीही लोकांच्या उपयोगाचा असो, कायद्याच्या दृष्टीने तो तुमच्या कपाटात कुलूपबंद आहे, आणि किल्ली कुठे आहे ते तुम्हालाही आठवत नाही.

पेणमध्ये गणेशोत्सव सरल्यावर कारखाने थांबत नाहीत. पुढच्या वर्षासाठी शाडू भिजते, जुने साचे बाहेर निघतात. घासून बोथट झालेल्या साच्यावर नाकाची धार, बोटांची ठेवण पुन्हा नीट करून घ्यावी लागते. हे काम करणाऱ्याचे नाव मूर्तीवर येत नाही. चाळीस वर्षे ज्यांनी परवान्याचा एकेक शब्द असा घासून नीट केला, ज्यांनी मेनूतला एकेक शब्द मराठीत आणला, खैरातच्या वर्गात ज्यांनी लॅपटॉप उघडून दाखवले, त्या सर्वांचे संस्था या प्रसंगी कृतज्ञतेने स्मरण करते. साचे कुठे ठेवले आहेत ते सर्वांना ठाऊक आहे. ज्याला हवा त्याने घ्यावा, हवा तसा बदलावा, आणि बदललेला साचा परत फळीवर ठेवावा.